चौदाव्या मजल्यावरचा टॉवेल

येऊरच्या चौकीवर वनरक्षकाने वहीत लिहिलं :
कॅमेरा एक, ट्रायपॉड एक, माणूस एक.
मग बॅगेकडे बघत विचारलं, "बिबट्या?"
म्हटलं, नाही. डोंगर.
तो हसला. "डोंगर कुठे पळतोय?"

फेब्रुवारी. पाचोळा इतका वाळलेला
की सरडा गेला तरी माणूस गेल्यासारखं वाजतं.
सावरीला पान नाही एक,
आणि फूल पडतं ते धप्पकन,
कुणी ओली चप्पल टाकावी तसं.

लेन्स मी कासारवडवलीच्या एका लग्नाच्या फोटोग्राफरकडून
निम्म्या किमतीत उचललीय.
तिच्या कडेला अजून हळद आहे.
नवऱ्यामुली पाहिल्या तिने शेकड्याने,
डोंगर आज पहिल्यांदा.

जान्या वरठा पाटोणपाड्याचा.
वाट दाखवतो असं म्हणता येणार नाही;
तो चालतो, वाट त्याच्या मागून येते.

कातळावर पोचलो तेव्हा ऊन
सोंडेच्या पाठीवर नुकतं चढत होतं.
मला तेवढंच हवं होतं : सोंड, ऊन, थोडं धुकं.
आमच्या समोर सी विंग उठतेय, नवव्या मजल्यापर्यंत आलीय.
दिवाळीपर्यंत आबांच्या खिडकीतून
डोंगर दिसणार नाही.
म्हणून फोटो.
तीन फूट बाय दोन, पलंगासमोरच्या भिंतीवर,
साधारण त्याच उंचीला.

पण उजव्या कोपऱ्यातून घोडबंदरच्या बिल्डिंगी
आत येतातच.
डावीकडे सरकलो तर कडा संपतो.
खाली बसलो तर गवत नाकात जातं.
करवंदीच्या जाळीत शिरलो, बाही फाटली,
तरी एक टॉवर खांद्यावरून डोकावतोच,
ग्रुप फोटोत न बोलावलेला मामा डोकावतो तसा.

जान्या म्हणाला, "फांदी धरू?"
आणि सागाची फांदी घेऊन उभा राहिला बाजूला.
वाळलेलं, भोकं पडलेलं एकच पान,
त्यामागे सतरा बिल्डिंगी गेल्या.
मोजल्या मी.
त्यांची बुकिंग, त्यांचे हप्ते, पोडियमवरचा तो स्विमिंग पूल,
सगळं एका पानामागे.

फोकस बघायला झूम केलं
तर पानाच्या भोकातून पिवळं काहीतरी हललं.
टॉवेल.
आमचाच. खालून चौदावा मजला, चिमटा निळा.
त्याच्या बाजूला प्लास्टिकची खुर्ची
आणि खुर्चीत आबा,
मुगाच्या दाण्याएवढे,
सरळ माझ्याकडे बघत.

माझ्याकडे म्हणजे डोंगराकडे.
रोज बसतात. टेकाडं मोजतात.
आकडा रोज वेगळा येतो.
मला मात्र चार महिने झाले, नावाने हाक मारलेली नाही.

"आता टाक फांदी," मी म्हटलं.
"दिसेल की ते."
"दिसू दे."
तो टाकायच्या आत बोट दाबलं गेलं माझं.

पुढे पंचवीस-तीस फोटो काढले, ऊन पांढरं होईपर्यंत.
सगळे बरे आले. कॅलेंडरसारखे.
जान्याने स्क्रीनवर एकेक पाहिला,
पाडा शोधला, सापडला नाही,
आणि बाटलीतलं पाणी मागितलं.

घरी आल्यावर आबांना दाखवला तो पहिलाच,
अर्धवट, हललेला :
सोंड, धुकं, खाली येणारं पान,
आणि कडेला मनगटापर्यंत एक हात.

डोंगराकडे त्यांनी पाहिलं नाही.
टॉवेल मी दाखवला, तोही नाही.
नख टेकवलं हातावर.
"हा कोणाचा?"

वरठा, म्हटलं. पाटोणपाड्याचा.

"वरठा."
बऱ्याच वेळाने पुन्हा, "वरठा.
खाणीत होता एक.
शिट्टी मी वाजवायचो सुरुंगाची.
तो सगळ्यांच्या शेवटी पळायचा, पहार घ्यायला मागे फिरायचा."

मग?

स्वयंपाकघरात कुकर फुस्सला.
आबांनी खुर्ची खिडकीकडे वळवली,
आणि बोट उचलून
डावीकडून मोजायला सुरुवात केली.